रुखवतातल्या कॉम्प्युटरचं माहेरपण

वैजयंता ढोणेच्या घरातला कॉम्प्युटर रोज दुपारी सव्वातीनला बंद पडायचा आणि पडता पडता निळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहायचा की मला माहेरी जायचं आहे.

त्याआधी इंग्रजीत दोन-तीन ओळी यायच्या, लांबलचक आकडा यायचा. त्या ओळी वैजयंता सोडून द्यायची, कारण इंग्रजीतून जे सांगितलं जातं ते आपल्यासाठी नसतं असा तिचा आजवरचा अनुभव होता. खालची ओळ मात्र मराठीत होती आणि शुद्ध होती. सव्वातीनच का, हेही तिला पहिल्या आठवड्यात उमगलं. वाळुंज्याच्या स्टँडवरून हिंगणमळ्याची एसटी सव्वातीनला सुटते. हिंगणमळा हे वैजयंताचं माहेर. कॉम्प्युटरचंही तेच.

तो तिच्या रुखवतातला. लग्नात नवरीकडची माणसं मांडवात टेबलं लावून आपण लेकीला काय काय दिलं ते गावाला दाखवतात, त्या वर्षी त्यात कॉम्प्युटर मांडायची टूम निघाली होती. चालू करायचा नसायचाच. कुरडयांची परात आणि हलव्याचा बंगला यांच्या मधोमध तो बसायचा, अंगावर क्रोशाचा रुमाल, रुमालावर प्लॅस्टिकचा गुलाब. तालुक्यातली टायपिंगची शाळा बंद पडली तेव्हा तिथला एक जुना संच वैजयंताच्या वडिलांनी, तात्यांनी, उचलून आणला होता. हीच वैजयंता चौथीला वर्गात पहिली आली होती. पाचवीत घालायच्या वेळी तात्यांनी तिला घरी बसवलं, कारण धाकटा अंकुश जन्मला होता आणि त्याला काखोटीला मारून हिंडायला कुणीतरी हवं होतं. शाळेतून काढलेल्या पोरीला कॉम्प्युटर देण्यात तात्यांना काही वावगं वाटलं नाही. मांडवातल्या पाचशे माणसांनाही वाटलं नाही. पुलाव चांगला झाला होता.

सासरी आल्यावर सहा वर्षं त्याच्यावर सासूबाईंची पोथी राहायची. मग एकदा गल्लीतलं गटार तुंबलं. बाजारातल्या टायपिस्टनं नगरपालिकेला अर्ज करून दिला, त्यात तीनदा ‘नम्र’ आणि दोनदा ‘कृपाळू’ होतं. गटार जागचं हललं नाही. वैजयंतानं पोथी उचलून कपाटात ठेवली, रुमाल झटकला आणि एका बोटानं अक्षरं हुडकत तीन दिवसांत स्वतः अर्ज लिहिला. विषय: तुंबलेले गटार आपल्या दारात वळवून देण्याबाबत. चौथ्या दिवशी पालिकेचा टँकर आला. तेव्हापासून गल्लीतल्या बायकांचे अर्ज तीच लिहायची. नळ, दिवा, रेशन, दारू पिणारा नवरा, डास. सगळे मिळून चारशे बारा अर्ज त्या कॉम्प्युटरच्या पोटात होते.

आणि आता तो रोज सव्वातीनला पडत होता.

दुरुस्तीला बशीरभाई आतार यायचे. रेडिओ होता तोवर त्यांनी रेडिओ दुरुस्त केले, मग टीव्ही, मग हे. साठीचा माणूस, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. पहिल्या दिवशी त्यांनी खोका उघडला, आतली रॅमची पट्टी काढली आणि खोडरबर मागितलं.

“कशाला? ह्यानं काय चुकीचं लिवलंय?” वैजयंता म्हणाली.

“पट्टीवर मळ बसतो, वैनी. घासला की निम्मे आजार जातात.”

घासली. दुसऱ्या दिवशी सव्वातीनला निळा पडदा. मग बशीरभाईंनी फुंकणी मारून धूळ काढली, तिच्यातून एक मेलेलं झुरळ आणि सर्जेरावांच्या शर्टाचं बटण निघालं. सर्जेराव म्हणजे वैजयंताचे यजमान. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर असतात आणि घरात वजन टाकत नाहीत. त्यांनी बटण ओळखलं आणि ते कामावर गेले. निळा पडदा. मग पंखा बदलला, घड्याळाचा सेल बदलला, वीज देणारा डबा बदलला. निळा पडदा, निळा पडदा, निळा पडदा. खालची ओळ तीच.

सातव्या दिवशी बशीरभाईंनी पेचकस पिशवीत टाकला आणि चहाची बशी ओठाला लावली.

“वैनी, ह्याच्यात बिघाड नाही. ह्याला माहेरी जायचंय.”

“ते मला वाचता येतंय, बशीरभाई. त्याला तुमी कशाला लागताय? उपाय सांगा.”

“उपाय दोनच. एक तर पाठवा. नाहीतर फॉर्मॅट मारतो, सगळं पुसून कोरा करतो. मग माहेर होतं हेच विसरून जाईल. पुन्हा तक्रार नाही.”

“आणि अर्ज?”

“तेही जातील.”

वैजयंतानं कॉम्प्युटरकडे बघितलं. काच काळी होती आणि त्या काळ्यात तिचंच तोंड दिसत होतं.

“तीन वर्षं झाली, मला काय विसरता आलं न्हाई,” ती म्हणाली. “त्याला कशाला जबरदस्तीनं विसरायला लावू? ऱ्हाऊ द्या.”

“मग भावाला कळवा. मुराळी आल्याशिवाय माहेरी जाता येत नाही, तो नियम आहे.” मुराळी म्हणजे लेकीला न्यायला येणारा भाऊ. बशीरभाईंनी चार बहिणी सासरी धाडल्या होत्या, त्यांना नियम पाठ होते.

भावाला कळवणं हीच तर मेख होती. तीन वर्षांपूर्वी तात्या गेले. तेराव्याचं जेवण झालं, पत्रावळी उचलल्या नव्हत्या, तोच अंकुशनं दोन कागद आणले. हक्कसोडपत्र. तात्यांच्या साडेतीन एकरांतला आपला वाटा आम्ही स्वखुशीनं भावाला सोडतो. एक कागद आईचा, एक वैजयंताचा. आईनं तिथल्या तिथं अंगठा दिला, तालुक्याला जाऊन पुन्हा दिला. वैजयंता म्हणाली, विचार करून सांगते. बहिणीनं विचार करणं हे तात्या थिट्यांच्या घरात याआधी घडलेलं नव्हतं, त्यामुळे अंकुशनं बोलणं तोडलं, पंचमी तोडली, भाऊबीज तोडली. आईचा मोबाइल ‘बिघडला’. तीन वर्षांत वैजयंताला आई दिसली नव्हती आणि तिचा आवाजही ऐकू आला नव्हता.

सव्वातीन वाजून गेले होते, कॉम्प्युटर बंद, म्हणून तिनं अर्ज हातानं लिहिला. प्रति, अंकुश तात्या थिटे, मु. पो. हिंगणमळा. विषय: आपल्या घरून दिलेल्या कॉम्प्युटरास नागपंचमीस माहेरी नेणेबाबत. महोदय, वीस वर्षांत तुम्ही त्याला एकदाही नेले नाही. तो झिजला आहे. आठ दिवसांत न नेल्यास आपण त्याला टाकले असे धरण्यात येईल. कळावे.

आठव्या दिवशी फोन आला.

“अक्का, हे काय लिवलंयस? कॉम्प्युटरला न्यायचं म्हंजे?”

“म्हंजे येऊन घिऊन जायचं, चार दिवस ठिवायचं, ओटी भरून आणून सोडायचं. तुला पूर्वी एक बहीण होती, तिची करायचास तशीच पद्धत.”

पलीकडे कुजबुज झाली. अंकुशची बायको सिंधू त्याला काहीतरी समजावत होती, आणि सिंधू समजावते तेव्हा त्यात हिशेब असतो. हिंगणमळ्यात पंचमीला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर यादी लागते: कोणत्या घरी कोण माहेरवाशीण आली, नाव, नातं. मागची तीन वर्षं थिट्यांच्या घरापुढं रेघ होती. यंदा अंकुश सोसायटीच्या निवडणुकीला उभा होता आणि समोरचं पॅनेल पारावर बसून एकच गोष्ट सांगत होतं, बहिणीला पंचमी न देणारा माणूस गावाला खत काय देणार. बहीण आणली तर ती बोलणार. कॉम्प्युटर आणला तर रेघ भरणार आणि बोलणार कोणी नाही. सिंधूला हे पाच मिनिटांत सुचलं. पाच मिनिटांत अशा गोष्टी सुचणाऱ्या बाईला लोक साधी म्हणतात.

“नेतो,” अंकुश म्हणाला. “पण माझं एक हाय. पंचमी झाली की सोमवारी तालुक्याला जायचं आणि तू त्या कागदावर सही करायची. न्हाईतर मी काय येत न्हाई.”

वैजयंतानं घड्याळाकडे बघितलं. सव्वातीन होत आले होते. चारशे बारा अर्ज होते. आई पंचाहत्तरीची होती. तीन वर्षं ती एकटीनं एका कागदाशी झुंजली होती, आणि कागद थकत नाहीत.

“करते,” ती म्हणाली. “पण त्याच्याबरोबर मी येणार. पाठराखीण म्हणून. त्याला लावायचा-काढायचा कोण? सिंधूला मागची वायर पुढची वायर कळती का?”

नव्या नवरीबरोबर सोबतीला एक बाई जाते, ती पाठराखीण. तिला नाही म्हणता येत नाही आणि यादीतही धरत नाहीत. अंकुशला हे सोयीचं वाटलं.

पंचमीच्या आदल्या दिवशी तो पिकअप घेऊन आला. वैजयंतानं पडद्याला नवा खण पांघरला, कीबोर्ड उशीच्या अभ्र्यात घातला, माउस पदराला बांधला. अंकुशनं खोका उचलला, पाठीमागं हौद्यात टाकायला निघाला.

“हौद्यात?” वैजयंता म्हणाली. “माहेरवाशिणीला खताच्या पोत्यासारखी न्हेतोस?”

कॉम्प्युटर पुढं बसला, पट्टा लावून. वैजयंता हौद्यात बसली.

हिंगणमळ्याच्या वेशीवर ग्रामसेवकाचा माणूस वही घेऊन उभा होता. माहेरवाशिणीचं नाव? अंकुशनं सांगितलं, कॉम्प्युटर. कोणत्या साली दिली? दोन हजार चार. कुटुंबप्रमुखाशी नातं? अंकुशनं वहीत डोकावलं. त्या रकान्याच्या वर छापलं होतं: फक्त लेक, बहीण, आत्या. सिंधू पुढं झाली आणि म्हणाली, “लिवा की, धाकटी बहीण. यादीत बसाया पायजे न्हवं?” माणसानं लिहिलं. अंकुशनं सही केली. संध्याकाळी फळ्यावर खडूनं नाव लागलं. समोरच्या पॅनेलची माणसं येऊन वाचून गेली. त्यांना दोष काढता येईना. नाव होतं, नातं होतं, मुराळी स्वतः गेला होता.

घरात आई चुलीच्या कडेला बसली होती. वैजयंता पायाला लागली तेव्हा आईनं आधी तिचा हात चाचपला, मग दंड, मग गाल, बाजारात भाजी घेताना चाचपतात तसा. मग म्हणाली, “आगं, तिला उन्हात किती वेळ उभी करशील? आत आण.”

कॉम्प्युटरला पाटावर बसवलं. आईनं पडद्याला हळदीकुंकू लावलं, निरांजन ओवाळलं. ओटीचे तांदूळ मुठीत घेऊन ती थांबली. ओटी घ्यायला पदर लागतो. तेवढ्यात खोक्याच्या पोटातून कर्र आवाज झाला आणि सीडीचा ट्रे बाहेर आला. नऊ वर्षांपूर्वी अडकला होता, बशीरभाईंनी त्याची आशा सोडली होती. आईनं त्यात पाच मुठी तांदूळ, सुपारी आणि हळकुंड ठेवलं. नारळ मावला नाही, तो शेजारी ठेवला. ट्रे आत गेला.

“शहाणी हाय,” आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पंचमी. चिरायचं नाही, तळायचं नाही, म्हणून दिंडं उकडली. सव्वातीनला सगळे पडद्यासमोर गोळा झाले. सव्वातीन वाजले. एसटी नाक्यावर येऊन उलटी वळून गेली. चार वाजले. कॉम्प्युटर चालूच. त्याच्यावर टिंबांची रांग हळूहळू सरकत होती, झोक्यासारखी, इकडून तिकडं. चार दिवस तो एकदाही बंद पडला नाही. पंख्याचा आवाजसुद्धा बसला.

सिंधू त्याला ‘वन्सं’ म्हणत होती, गावाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. वैजयंताला ती काहीच म्हणत नव्हती. जेवायला ताट कॉम्प्युटरपुढं पहिलं यायचं आणि पाठराखिणीपुढं शेवटचं. सोमवारी सही करायची तिनं मनाशी ठरवलं होतं. आई बघून झाली होती. साडेतीन एकरांच्या वाट्यात ती काही पेरणार नव्हती. ज्वारीनं कधी तिचं नाव विचारलं नव्हतं.

रविवारी दुपारी अंकुश प्रचाराला गेला होता. आईला तहान लागली. तिनं हाक मारली, “सिंधू, घोटभर पाणी देतीस का?” माठ आईपासून चार हातांवर होता. आई चालती-फिरती होती.

“आये, तूच घ्यायचं की उठून,” वैजयंता म्हणाली.

आईनं बाहेर बघितलं, सिंधू कपडे वाळत घालत होती. मग हळू आवाजात म्हणाली, “अंगठा दिला न्हवं मी. त्या दिवसापास्नं ह्या घरात पाणी मागून पिती. कोण न्हाई म्हणालं न्हाई. पर मागून पिती.”

वैजयंतानं उठून पाणी दिलं. आई प्यायली. कॉम्प्युटर पाटावर चालू होता, टिंबांची रांग मध्येच थांबली होती. मग पुन्हा सरकू लागली.

सोमवारी साडेअकराला सगळे तालुक्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयात हजर झाले. अंकुश, सिंधू, वैजयंता. कॉम्प्युटर पिकअपमध्येच राहायचा होता, तिथून परस्पर वाळुंज्याला. खिडकीत मुळीक साहेब होते. अर्धं आयुष्य त्यांनी लोकांच्या स्वखुशीची नोंद केली होती आणि चेहऱ्यावर त्याचा काही परिणाम नव्हता. त्यांनी कागद वाचला, मग दुसरा कागद काढला.

“लेकी दोन दिसताहेत. एकीचंच हक्कसोड आणलंत.”

“दोन कुठल्या?” अंकुश म्हणाला. “ही एकच हाय.”

“वारसांची पडताळणी आम्ही पंचमीच्या यादीवरून करतो. लोक आमच्यापासून लेकी लपवतात, पंचमीला लपवता येत नाहीत.” त्यांनी बोट ठेवलं. “थिटे. कॉम्प्युटर. सन दोन हजार चार. धाकटी बहीण. खाली सही तुमची.”

“अवो साहेब, तो कॉम्प्युटर हाय!”

“ते नाव आहे, मी वाचलं. नातं धाकटी बहीण आहे.”

“रकान्यात बसंना म्हणून लिवलं तसं!”

“सगळे रकान्यात बसवायलाच लिहितात, थिटे. म्हणून तर रकाने आहेत. मुराळी कोण गेलं होतं?”

“मी.”

“ओटी भरली?”

सिंधू म्हणाली, “सासूबाईंनी भरली. आमी न्हाई.”

“आईनंच भरायची असते. म्हणजे झालं.” मुळीकांनी टाचणी मारली. “वारस क्रमांक तीन, वैजयंता. वारस क्रमांक चार, कॉम्प्युटर. आत आणा तिला. आमच्याकडं धाकट्याची संमती आधी घेतात, थोरल्यांचा दबाव नको.”

वैजयंतानं पेनाचं टोपण काढलेलं होतं. तिनं ते परत लावलं.

कॉम्प्युटर आणून टेबलावर मांडला. वैजयंतानं मागची वायर मागं, पुढची पुढं जोडली. कार्यालयाच्या कॅमेऱ्यानं त्याचा समोरून फोटो काढला. मुळीकांनी खण थोडा मागं करायला सांगितला, कपाळ दिसलं पाहिजे. मग त्यांनी प्रश्न आत भरला आणि तो पडद्यावर आला: आपण आपला हक्क स्वखुशीने सोडत आहात काय? हो. नाही.

अंकुशनं माउसकडं हात नेला.

“हात मागं घ्या. जबरदस्ती धरली जाईल.”

वाळूचं घड्याळ पडद्यावर आलं. फिरलं. पुन्हा फिरलं. पंखा गरगरायला लागला. कार्यालयात रांगेतली माणसं माना उंचावून बघायला लागली, त्यांत दोन-तीन बहिणी होत्या, त्या जरा जास्तच उंचावून. आणि अकरा वाजून बावन्न मिनिटांनी निळा पडदा आला. इंग्रजीच्या ओळी आल्या. लांब आकडा आला. खालची मराठी ओळ आलीच नाही.

मुळीकांनी लिहिलं, “वारस क्रमांक चार प्रश्न ऐकून बंद पडली. पुढील तारीख.”

पुढच्या तारखेला अंकुशनं शहरातून एक साहेब आणला, टाय घातलेला. त्यानं दोन तास तपासलं. सगळं चालत होतं. पत्त्यांचा खेळ चालला, हिशेबाचा तक्ता चालला, गाणं वाजलं. प्रश्न आला की निळा पडदा. टायवाल्यानं सांगितलं, आतला मेंदू बदलू. मुळीक म्हणाले, बदला, पण मेंदू बदलला की वारस बदलला. मग मूळ वारसाचा मृत्यूचा दाखला लागेल, त्यावर कारण लागेल आणि कारणात तुमचं नाव येईल. अंकुशनं टायवाल्याला परत पाठवलं. तिसऱ्या तारखेला बशीरभाईंची साक्ष झाली. त्यांनी शपथेवर सांगितलं की खोडरबर मारलं, धूळ काढली, दोष सापडला नाही.

“मग बंद का पडते?” अंकुश ओरडला.

“त्या प्रश्नालाच पडते ना, साहेब,” बशीरभाई म्हणाले. “मग दोष प्रश्नात असेल. प्रश्न माझ्याकडं दुरुस्तीला आणला नाही कोणी.”

तोवर निवडणूक होऊन गेली. अंकुश नऊ मतांनी पडला. चौथ्या तारखेला तो एक वकिली अर्ज घेऊन आला: धाकटीचं राहू दे, थोरलीची सही आज वेगळी घ्या. मुळीकांनी अर्ज उलटसुलट बघितला आणि मान्य केला. नियमात बसत होता.

“वैजयंता सर्जेराव ढोणे. या.”

कागद पुढं आला. आता मध्ये कोणी नव्हतं. कॉम्प्युटर वाळुंज्याला घरी होता. अंकुशनं स्वतःचं पेन काढून तिच्या हातात दिलं. “शब्द दिलावतास, अक्का. मी मुराळी आलतो. मी माझं केलं.”

“केलंस,” वैजयंता म्हणाली. तिनं कागद वाचायला घेतला. चौथी पास बाई वाचते तसा, बोट ठेवून, एकेक अक्षर. तो चांगला लिहिलेला होता. ‘नम्र’ कुठंही नव्हतं. बोट ‘स्वखुशीने’ या शब्दावर आलं आणि तिथं थांबलं. बाहेर भिंतीला लागून पाण्याची टाकी होती, तिच्या नळाला साखळीनं पेला बांधलेला होता आणि कोणीही येऊन न विचारता पाणी पीत होतं.

एक मिनिट गेलं. दोन गेली. मुळीकांनी चष्म्यावरून बघितलं.

“काय झालं, बाई?”

“बंद पडले,” वैजयंता म्हणाली.

“कोण?”

“मी. लिवा तसं. वारस क्रमांक तीन बंद पडली.”

“कारण लिहावं लागेल.”

“धाकटीचं जे लिवलंय तेच. प्रश्न ऐकून.”

“अक्का, नाटकं नकोत!” अंकुश म्हणाला. “काल माझ्याशी फोनवर धडधडीत बोलत हुतीस!”

“बाकी सगळं चालतंय माझं,” वैजयंता म्हणाली. “पत्त्यांचा खेळ लाव, चालंल. धुणी-भांडी, सैपाक, तुझ्या पोरांची बारशी, सगळं चालंल. हितंच बंद पडती. बशीरभाईंना इचार, दोष न्हाई काय.”

मुळीकांनी नोंद केली, शिक्का मारला, शाई वाळू दिली. नियमाप्रमाणं, दोन वारस एकाच प्रश्नाला बंद पडले तर प्रकरण दप्तरी जातं. ते दप्तरी गेलं. साडेतीन एकरांच्या सातबाऱ्यावर आज अंकुशच्या खाली दोन नावं आहेत, आणि तलाठ्यानं दुसऱ्या नावापुढं कंसात ‘जुना, पण चालू’ असं लिहिलं आहे.

दर पंचमीला अंकुश पिकअप घेऊन येतो. यावंच लागतं, यादीत नाव आहे. वैजयंता आता पुढं बसते, कॉम्प्युटर मांडीवर. गेल्या साली घरच्या प्रिंटरनंही कागद अडकवून धरला आणि आपल्याला कुठं नेणार म्हणून विचारलं. त्याला वैजयंतानं स्पष्ट सांगितलं, तू बाजारातनं आलायस, तुला माहेर न्हाई, गप छाप.

छापायचं होतं तेही महत्त्वाचं होतं. चारशे तेरावा अर्ज. प्रति, दुय्यम निबंधक. विषय: वडिलांच्या तेराव्याच्या दिवशी घाईत दिलेला आईचा अंगठा परत मिळणेबाबत. महोदय, सदर अंगठा आपल्या दप्तरी आहे. अंगठ्यावाचून आईला माठाचं झाकण उचलता येत नाही. तरी तो जसाच्या तसा, वाळवून, परत करावा.

ती लिहीत असताना सव्वातीन झाले. स्टँडवरून हिंगणमळ्याची गाडी सुटली. पडदा क्षणभर हलला आणि स्थिर झाला.

अर्जाची पोच आली आहे. मुळीक साहेबांनी कळवलं आहे की अंगठा सापडला असून तो दुसऱ्या कोणाच्या हाती देता येत नाही, म्हणून घ्यायला आईनं स्वतः यावं. येताना लेकीला आणलं तरी चालेल, दोघींपैकी कोणतीही.